अण्णांच्या मानेतला दात

सांगली जिल्ह्यातून एका ताईंचं पत्र आलंय. मोठं आहे, म्हणून त्यातलं गरजेचं तेवढंच देते.

"माझे वडील, आम्ही अण्णा म्हणतो, वय ७६. दिवाळीनंतर एका रात्री बाथरूमला जाताना घसरले आणि कपाळ बेसिनच्या कडेवर आपटलं. कपाळाला टाके पडले, डोक्याचा सिटी स्कॅन नॉर्मल आला म्हणून आम्ही निर्धास्त. मान दुखते म्हणत होते, पण मानेच्या एक्स-रेमध्ये काही नाही असं सांगितलं, मग आम्ही शेक आणि मलम चालू ठेवलं. शेजारच्या काकांनी दोनदा मान चोळून पण दिली. कळ मागून टाळूपर्यंत जाते म्हणायचे. आठव्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरांनी मानेचा सिटी स्कॅन केला तर सी-टू मणक्याचं टाइप टू ओडोन्टॉइड फ्रॅक्चर, २ मिमी सरकलेलं. एक डॉक्टर म्हणतात १२ आठवडे कडक कॉलर, दुसरे म्हणतात ऑपरेशन करून टाका. पुण्याचा भाऊ म्हणतो, नेटवर वाचलं की फाशी दिल्यावर हेच हाड मोडतं, आणि इथे अण्णा तर चालतात, जेवतात, आमच्याशी भांडतात, मग रिपोर्ट तरी खरा का? रात्री ते कॉलर काढून ठेवतात. काका म्हणतात ओळखीचा माणूस आहे, हाड बसवून देईल. काय करू? ता.क. सासूबाईंना १५ वर्षं आमवात आहे, पुढच्या महिन्यात गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय, त्यांची पण मान दुखते, ह्याचा काही संबंध?"

ताई, पुढचं नंतर वाचा, आधी दोन कामं करा. काकांना सांगा की मानेला कोणीही हात लावायचा नाही, ना चोळायला ना बसवायला, ओळखीचा असो की आणखी कोणी. आणि आज रात्रीपासून कॉलर निघणार नाही, त्यासाठी अण्णांच्या खोलीत कोणाला तरी झोपावं लागलं तरी चालेल. हे झालं की मग निवांत बसून बाकीचं वाचा. घाबरवायला नाही सांगत हो, पण ह्या एका मणक्याच्या बाबतीत मी फार हळवी आहे, का ते पुढे कळेल.

मानेत मणके ७. त्यातला पहिला म्हणजे नुसतं कडं आहे, त्याला बाकीच्या मणक्यांसारखा पुढे जाड गाभाच नाही, कवटी त्या कड्यावर टेकलेली असते. दुसरा म्हणजे सी-टू, पुस्तकात त्याला अक्ष म्हणतात, डॉक्टर लोक ॲक्सिस म्हणतात. ह्याच्या गाभ्यातून वर एक हाडाचा सुळका निघतो, साधारण दीड सेंटिमीटर उंच, करंगळीच्या टोकाएवढा समजा, आणि तो वरच्या कड्याच्या आत पुढच्या बाजूला जाऊन उभा राहतो. तोच ओडोन्टॉइड, म्हणजे दातासारखा. मी मेडिकलच्या पहिल्या वर्षाला होते तेव्हा आमच्या सरांनी हाडांच्या पेटीतून एक मणका काढून माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले डोळे मीट आणि ओळख, आणि बोटाला तो सुळका लागल्याबरोबर मी ओळखला, कारण अख्ख्या पाठीच्या कण्यात असा दुसरा मणकाच नाही. नंतर मी स्वतः बरीच वर्षं अ‍ॅनाटॉमी शिकवली आणि प्रत्येक बॅचला हेच करायला लावलं.

घरात जातं असेल तर आठवा. खालच्या दगडाच्या मधोमध उभी खीळ असते आणि वरचा दगड तिच्याभोवती गरागरा फिरतो. इथेही तसंच, पहिला मणका कवटीला डोक्यावर घेऊन ह्या दाताभोवती फिरतो. आपण हो म्हणून मान वरखाली करतो ते मुख्यतः कवटी आणि पहिला मणका यांच्यामधलं काम, आणि नाही म्हणून मान डावीउजवीकडे फिरवतो त्यातलं जवळपास निम्मं फिरणं एकट्या ह्या पहिल्या-दुसऱ्याच्या जोडीत होतं, एका बाजूला सुमारे ४० अंश. म्हणून ह्या दोघांमध्ये गादी पण नसते. बाकी मणक्यांमध्ये असते ना, जी सरकली की लोक गॅप आला म्हणतात, ती इथे नाहीच. गादी असती तर इतकं फिरता आलं नसतं. मग हे सगळं जागेवर धरून कोण ठेवतं, तर दाताच्या मागून आडवा जाणारा एक चिवट पट्टा, आणि दाताच्या टोकापासून कवटीकडे तिरके जाणारे दोन. एवढ्यावर आयुष्यभर डोकं फिरत असतं.

आणखी एक गंमत सांगते, मला ही गोष्ट अजूनही थक्क करते. हा दात खरं म्हणजे पहिल्या मणक्याचाच गाभा आहे. आईच्या पोटात बाळ घडत असताना पहिल्याचा गाभा त्याला सोडून दुसऱ्याशी सोयरीक करतो, जन्मानंतरही काही वर्षं दोघांमध्ये कूर्चा असते आणि साधारण ३ ते ६ वर्षांच्या दरम्यान ते एकजीव होतात. म्हणून लहान मुलांच्या एक्स-रेमध्ये तिथे आडवी रेघ दिसते आणि ती बघून नवखे डॉक्टर फ्रॅक्चर आहे म्हणून दचकतात. अण्णांचं तसं नाही, त्यांची रेघ खरी आहे.

आता तुमच्या भावाची शंका, की मानेचं हाड मोडलंय तर माणूस चालतो कसा. शंका अगदी रास्त आहे. आणि तुमच्या पत्रात विचारण्यासारखी सगळ्यात मोलाची गोष्ट मला हीच वाटली. त्याचं कारण रिकामी जागा. पहिल्या मणक्याच्या कड्याच्या आतली जागा मोजली तर ढोबळमानाने तिचे तीन सारखे भाग पडतात, एकात हा दात, एकात मज्जारज्जू, आणि तिसरा भाग रिकामा, म्हणजे तिथे पाणी आणि मऊ आवरणं, बाकी काही नाही. स्टील नावाच्या अमेरिकन सर्जननी १९६८ साली हे मांडलं आणि आजही आम्ही मुलांना तसंच शिकवतो. खालच्या मणक्यांत इतकी ऐसपैस जागा नाही. त्यामुळे दात मुळाशी मोडून २ मिमी सरकला तरी मज्जारज्जूला धक्का लागत नाही, हातपाय चालतात, जेवण जातं आणि अण्णांचं भांडणही चालू राहतं. पण म्हणजे काही झालंच नाही असं नाही ना. तो रिकामा तिसरा भाग आहे म्हणून अण्णा आज बरे आहेत, आणि तो आपल्याला वापरायचा नाहीये. श्वासाचा जो पडदा आहे छाती-पोटाच्या मध्ये, त्याला हलवणारी नस मानेतल्या तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या पातळीवरून निघते, म्हणजे ह्या मोडलेल्या हाडाच्या खाली. तो सुळका अचानक जास्त सरकला आणि तिथेच मज्जारज्जू दाबला गेला तर मेंदूचा निरोप श्वासाच्या पडद्यापर्यंत पोचतच नाही. मान चोळणाऱ्या काकांच्या मनात वाईट काही नव्हतं हे मला माहितीये, पण दोनदा चोळूनही काही झालं नाही हे आपलं नशीब.

माझी आत्या ७१ वर्षांची होती, उंबऱ्याला अडखळून पुढे पडली, हनुवटी फुटली. घरात सगळ्यांनी मान आखडली म्हणून तेल लावलं, शेक दिला, आणि मी तेव्हा परगावी, फोनवर मी पण म्हणाले की आराम कर, दोन-चार दिवसांत जाईल. तीन आठवड्यांनी ती म्हणाली ब्लाउजचे हुक लावता येत नाहीत, बोटं ऐकत नाहीत. तेव्हा सिटी केला. हाच दात. पुढे ऑपरेशन झालं, बोटं बरीचशी सुधारली, पण मी फोनवर बोललेलं ते वाक्य मला अजून टोचतं. म्हणून तुम्ही आठव्या दिवशी तरी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात ते फार बरं केलंत.

पहिल्या एक्स-रेमध्ये दिसलं का नाही, ह्यावरून कोणावर चिडू नका. समोरून काढलेल्या एक्स-रेमध्ये जबडा आणि खरे दात ह्या दाताच्या बरोब्बर पुढे येतात, म्हणून पेशंटला आ करायला लावून खास फोटो काढावा लागतो, आणि म्हातारपणी झिजेमुळे सगळ्याच कडा खडबडीत झालेल्या असतात, त्यात बारीक रेघ लपून जाते. कॅनडातल्या डॉक्टरांनी २००१ साली मानेला मार लागलेल्या पेशंटसाठी एक नियम छापला, आज जगभर वापरतात, त्यात पहिल्याच प्रश्नात वय येतं, ६५ किंवा त्याच्या वर असेल तर तो माणूस कितीही ठणठणीत दिसला तरी मानेचं इमेजिंग करायचं. ह्या वयात ते सिटी असलेलं बरं. डोक्याचा सिटी नॉर्मल म्हणजे मान नॉर्मल असं होत नाही, ते दोन वेगळे स्कॅन आहेत, हे सगळ्यांनीच लक्षात ठेवा. आणि अण्णा सांगत होते ती मागून टाळूपर्यंत जाणारी कळ, तो खरा धागा होता. डोक्याच्या मागच्या भागाला जाणीव देणारी मोठी नस मानेतल्या दुसऱ्या नसेतून येते, ती पहिल्या आणि दुसऱ्या मणक्याच्या मधून बाहेर पडते. पडल्यानंतर कोणी म्हातारं माणूस मान हातात धरून बसायला लागलं आणि डोक्याच्या मागे कळ सांगायला लागलं तर हेच हाड आधी मनात यायला हवं.

तुम्हाला वाटेल इतक्याशा पडण्याने एवढं कसं झालं, जिना नाही, गाडी नाही. वयस्कर माणसांमध्ये हे असंच होतं. पासष्टीच्या पुढे मानेत सगळ्यात जास्त मोडणारं हाड हेच, आणि तेही उभ्याउभ्या पडून. एकतर दाताच्या मुळाशी हाड आधीच विरळ, वयाने आणखी विरळ होतं. दुसरं म्हणजे मानेचा खालचा भाग झिजेने आखडून एखाद्या काठीसारखा ताठ झालेला असतो, मग कपाळ आपटलं की डोकं मागे जातं आणि सगळा झटका वरच्या ह्या जोडीवर येतो, तीच काय ती हलती राहिलेली असते.

फाशीचं म्हणाल तर भावाने वाचलंय ते खोटं नाही, पण ते ह्याच मणक्याच्या दुसऱ्या जागेबद्दल आहे. सी-टूच्या मागच्या बाजूला दोन्हीकडे हाडाची एक अरुंद पट्टी असते, ती दोन्हीकडून तुटते त्याला हँगमन्स फ्रॅक्चर म्हणतात. वुड जोन्स नावाच्या अ‍ॅनाटॉमिस्टनी १९१३ मध्ये फाशी दिलेल्यांच्या हाडांवरून ते वर्णन केलं, गाठ हनुवटीखाली ठेवली की असं मोडतं म्हणून. आजकाल ते आम्हाला दिसतं ते गाडीच्या अपघातात, आणि त्यात मागची कमान सुटून जागा उलट मोठी होते म्हणून बरेच पेशंट हातपाय हलवत येतात. अण्णांचं ते नाही. भावाला सांगा नाव वाचून झोप उडवून घेऊ नकोस.

अण्णांच्या रिपोर्टमधलं टाइप टू म्हणजे काय ते सांगते, कारण कॉलर की ऑपरेशन हे सगळं त्यावरच अडलंय. अँडरसन आणि डी'अलोंझो ह्या दोघांनी १९७४ मध्ये दाताच्या फ्रॅक्चरचे तीन प्रकार केले. पहिला म्हणजे टोकाचा कपचा, क्वचितच होतो. तिसरा म्हणजे रेघ खाली मणक्याच्या गाभ्यात उतरलेली, तिथे हाड रुंद आणि रक्ताने भरलेलं, ते बहुतेक वेळा छान जुळतं. दुसरा, अण्णांचा, बरोबर मुळाशी. आणि हाच हट्टी. तिथे हाडाला हाड टेकायला जागा थोडी, रक्तपुरवठा बेताचा, वरचा तुकडा पट्ट्यांनी कवटीकडे ओढलेला. म्हणून वयस्कर माणसात हा नुसत्या कॉलरने न जुळण्याची शक्यता बरीच असते, हे ऑपरेशनवाले डॉक्टर म्हणतात ते खरं आहे.

पण कॉलरवाले डॉक्टरही चुकीचं सांगत नाहीयेत. दोन प्रामाणिक डॉक्टर ह्या वयात ह्या हाडाबद्दल दोन वेगळी मतं देऊ शकतात, जगभर ह्यावर वाद चालू आहे. ७६ व्या वर्षी भूल, रक्तस्राव, नंतर छातीत कफ भरणं हे धोके लहान नसतात. आणि कॉलरने हाड पक्कं नाही जुळलं तरी बऱ्याच वेळा मधे एक चिवट, दोरीसारखा जोड तयार होतो, मान वाकवून काढलेल्या एक्स-रेमध्ये तो हलत नसेल आणि दुखत नसेल तर अनेक सर्जन त्यावर समाधान मानतात आणि पेशंट पुढे वर्षानुवर्षं नीट राहतो. तरुण माणसात मी असं म्हटलं नसतं. सरकणं ५ मिमीच्या आसपास किंवा जास्त असेल, तुकडे वाकडे झाले असतील, हातापायात काही लक्षणं असतील, किंवा कॉलरमध्येही सरकत चाललं असेल, तर पारडं ऑपरेशनकडे झुकतं. अण्णांचं २ मिमी, हातपाय चांगले. मला विचाराल तर ह्या माहितीवर मी कॉलरने सुरुवात करायला घाबरले नसते, पण एका अटीवर, की कॉलर चोवीस तास राहील आणि डॉक्टर सांगतील त्या त्या आठवड्याला फोटो काढून सरकतंय का बघितलं जाईल. आणि अण्णा जर ती रात्री काढणारच असतील तर मग हिशोबच बदलला, हे दोन्ही डॉक्टरांना खरं खरं सांगा, लपवू नका. शेवटचा निर्णय स्कॅन स्वतः बघणाऱ्या स्पाइन सर्जनचा, माझा नाही. जाताना नुसता रिपोर्ट नेऊ नका, सीडी न्या, आणि मधुमेह, हार्टच्या, रक्त पातळ करायच्या गोळ्या असतील तर त्यांची यादी.

त्यांना हे पण विचारा की ऑपरेशन करायचं तर पुढून की मागून. पुढून म्हणजे गळ्याच्या बाजूने एक स्क्रू थेट दातात, मान फिरणं शाबूत राहतं, पण हाड ठिसूळ असेल तर पकडत नाही आणि म्हाताऱ्या माणसाला गिळायला काही दिवस त्रास होतो. मागून म्हणजे पहिला आणि दुसरा मणका कायमचे एकत्र बांधणं. ही जी आज जगभर चालणारी पद्धत आहे, पहिल्याच्या बाजूच्या भरीव भागात स्क्रू, दुसऱ्यात स्क्रू आणि दोन्ही जोडून टाकायचे, ती आपल्या मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधली. न्यूरोसर्जन डॉ. अतुल गोयल यांनी १९९४ मध्ये ती प्लेट आणि स्क्रूने छापली, २००१ मध्ये जर्मनीच्या हार्म्स यांनी प्लेटऐवजी सळई वापरून तिचा प्रसार केला, म्हणून पुस्तकात गोयल-हार्म्स म्हणतात. परळला जिथे गावोगावचे लोक रांगेत उभे असतात तिथे ही पद्धत जन्मली ह्याचा मला मनापासून अभिमान आहे. ह्यात हाड बहुधा चांगलं जुळतं, पण मान फिरणं जवळपास निम्मं जातं. अण्णा स्कूटर चालवत असतील तर मागे बघायला अख्खं अंग वळवावं लागेल. आणि मेंदूला रक्त नेणारी एक धमनी ह्या मणक्याच्या दोन्ही बाजूंच्या भोकातून वळणं घेत वर जाते, काही लोकांत ती हाडाच्या आत बरीच वर चढलेली असते, तिथे स्क्रू घालणं धोक्याचं, म्हणून आधी धमनीचा स्कॅन झालाय का हे विचारायला लाजू नका.

ह्याच धमनीमुळे आणखी एक सांगून ठेवते. दाढी-कटिंग झाल्यावर मान धरून कडकन वाजवायची पद्धत आहे ना, अण्णांची तर आता जन्मभर बंद, आणि बाकी घरातल्यांनीही नको म्हणावं. धमनीच्या आतलं अस्तर फाटून तरुण माणसाला मेंदूचा झटका आल्याचं आम्ही बघितलंय.

आता कॉलरचं रोजचं. डॉक्टरांनी कडक दोन तुकड्यांची दिली असेल तर ती सोडून दुकानातली मऊ फोमची पट्टी आपल्या मनाने लावू नका, ती बरी वाटते म्हणून अण्णा मागतील. आत पॅड असतात, ते घामाने ओले होतात आणि खाली कातडी सोलवटते, विशेष करून हनुवटी, डोक्याची मागची बाजू आणि कॉलरच्या कडेला गळपट्टीचं हाड. बहुधा अण्णा रात्री काढतात ते ह्यामुळेच, हट्ट म्हणून नाही, एकदा तिथे बघा. पॅड बदलायचे ते पाठीवर सपाट झोपवून, एकाने डोकं दोन्ही हातांनी सरळ धरायचं आणि दुसऱ्याने आधी पुढचा तुकडा काढून पुसून कोरडं करून परत लावायचा, मग मागचा, बसवून कधीच नाही. दाढी पण तशीच झोपवून. हे एकदा फिजिओथेरपिस्टकडून किंवा वॉर्डातल्या सिस्टरकडून समोर करून दाखवून घ्या, वाचून जमत नाही.

जेवताना ताठ बसवा. कॉलरमुळे हनुवटी खाली घेता येत नाही आणि गिळताना आपण नकळत तेच करत असतो, म्हणून ठसका लागतो. मऊ भात, मेतकूट-तूप, पेज, घास लहान, पाणी घोट घोट. जेवताना टीव्ही नको आणि गप्पा पण नकोत. सारखा ठसका लागत असेल किंवा ताप आला तर थांबू नका, डॉक्टरांना कळवा, म्हाताऱ्यांना कॉलरमध्ये न्यूमोनिया होतो तो असाच.

आणि कॉलर घातलेल्या माणसाला स्वतःचे पाय दिसत नाहीत. हे कोणी सांगत नाही. पायपुसणं, दाराशी पडलेल्या चपला, लोंबतं धोतर, काहीही त्यांना दिसणार नाही आणि अण्णा दुसऱ्यांदा पडले तर तो रिकामा भाग पुरणार नाही. पायपुसणी उचला, बाथरूमला धरायला दांडा बसवून घ्या, रात्रभर मंद दिवा, पलंगाजवळ युरिनचं भांडं म्हणजे रात्री उठायलाच नको. उठताना एकदम उठून बसू नये, आधी अख्खं अंग एका कुशीवर वळवायचं, पाय खाली सोडायचे आणि हाताच्या जोराने उठायचं, मग कडेवर मिनिटभर बसून मगच उभं राहायचं. मुळात त्या रात्री ते का पडले हे कोणी विचारलं का? ओली फरशी होती की उठल्यावर चक्कर आली? प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी, बीपीच्या गोळ्यांनी, झोपेच्या गोळ्यांनी उभं राहताना बीपी पडतं. झोपून आणि उभं राहून असं दोन्ही बीपी मोजायला सांगा. आणि एवढ्याशा पडण्याने हाड मोडलं म्हणजे हाडं ठिसूळ आहेत असंच धरायचं, पुरुषांमध्ये हे बघितलंच जात नाही. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी, व्हिटॅमिन डी, कॅल्शियम, आणि हाडांचं औषध लागतंय का, हा विषय डॉक्टरांकडे तुम्हीच काढा.

हातात मुंग्या, शर्टाची बटणं लावता न येणं, हातातून कप सुटणं, चालताना झोक जाणं, लघवी अडणं किंवा नकळत होणं, श्वास अपुरा वाटणं, ह्यातलं एक जरी नवीन दिसलं तर सकाळची वाट बघू नका, १०८ ला फोन करा आणि मानेचं फ्रॅक्चर आहे हे पहिल्याच वाक्यात सांगा. स्वतः गाडीत बसवून नेऊ नका. परत पडलेच तर काखेत हात घालून उचलायचं नाही, आहेत तसे राहू द्या, डोकं सरळ धरा आणि माणसं येईपर्यंत बोलत राहा.

सासूबाईंचं तुम्ही ता.क. मध्ये टाकलंत पण ते मला अण्णांइतकंच महत्त्वाचं वाटलं. हो, संबंध आहे. आमवातात सांध्यांची जी सूज असते ती बोटांपुरती नसते, त्या दाताच्या मागे आडवा पट्टा असतो म्हटलं ना, त्याच्या आजूबाजूलाही ती सूज वर्षानुवर्षं राहून पट्टा सैल होतो, कधी दातही कुरतडला जातो. मग मान पुढे वाकवली की पहिला मणका दुसऱ्यावरून पुढे सरकतो. मोठ्या माणसात कडं आणि दात यांच्यामधलं अंतर ३ मिमीपर्यंत चालतं, त्याच्या वर गेलं की सैल झालंय. बऱ्याच जणींना त्याचं काही जाणवतही नाही. पण भूल देताना, नळी घालायला मान मागे-पुढे करतात, आणि झोपेत स्नायू ढिले असताना पेशंट स्वतःची मान सांभाळू शकत नाही. म्हणून गुडघ्याच्या ऑपरेशनच्या आधी मान पुढे वाकवून आणि मागे नेऊन असे दोन एक्स-रे डॉक्टरांच्या देखरेखीत काढून घ्या, आणि भूलतज्ज्ञ तपासायला येतील तेव्हा १५ वर्षांचा आमवात आणि मानदुखी हे दोन्ही तुम्ही स्वतः बोला, सासूबाई संकोचाने म्हणणार नाहीत. गुडघ्याचं बहुतेक वेळा कमरेत इंजेक्शन देऊन करतात, तरी सांगायचंच. फोटोत काही निघालं तर गुडघा थांबेल थोडा. अण्णांच्या पुढच्या तपासणीनंतर दोघांचंही कळवा, मी वाट बघते.